काळ्या स्क्रीनचे धन्वंतरी

प्रत्येक सोसायटीत असा एक असतोच. वय पस्तीस ते पन्नासच्या मधलं कुठलंही, पाठीवर सॅक, सॅकच्या पुढच्या कप्प्यात दोन-तीन पेन ड्राइव्ह आणि त्यातल्या एकावर मार्करने लिहिलेलं, 'पुसू नये'. पोटासाठी तो कुठेतरी नोकरी करतो, पण जीव रमतो तो दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स बसवण्यात. या कामाचे तो पैसे घेत नाही. चहा घेतो. आग्रह केला तर पोहेही घेतो. आमच्या सोसायटीत त्याला धन्वंतरी म्हणतात. हे नाव कौतुकाने पडलं की कसं, याबद्दल ए विंग आणि बी विंग यांच्यात मतभेद आहेत. आपण आदरार्थीच बोलू.

धन्वंतरींची एक खूण आहे. कॉम्प्युटर उत्तम चाललाय असं सांगितलं की त्यांचा चेहरा पडतो. "वा, छान," म्हणतात, पण लिफ्टचं बटण दाबताना म्हणतात. तेच "स्क्रीन काळी झालीये हो" असं नुसतं पुटपुटा. हातातली भाजीची पिशवी जिन्यातच ठेवून ते तुमच्या दारात हजर होतात. आल्यावर पहिला प्रश्न ठरलेला : "पूर्ण काळी की काळी आणि वर कोपऱ्यात पांढरी रेघ लुकलुकतेय?" रेघ लुकलुकत असेल तर त्यांचे डोळेही लुकलुकतात.

त्यांच्या बाल्कनीत कबुतरं हाकलण्यासाठी सीड्या टांगल्यात. साध्या नाहीत. लिनक्सच्याच कुळातले उबुंटूवाले पूर्वी मागेल त्याला टपालाने फुकट सीडी पाठवत. २०११ साली ती योजना बंद झाली, तोवर धन्वंतरींनी अख्ख्या खानदानाच्या पत्त्यांवर मागवून घेतल्या होत्या. लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स याने २५ ऑगस्ट १९९१ला 'मी आपला हौसेखातर एक ऑपरेटिंग सिस्टिम करतोय' असं जाहीर केलं, ती तारीख त्यांच्या घरी पाळली जाते. म्हणजे ते पाळतात. त्याच टोरवाल्ड्सने २०१२ साली फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठात भर सभेत एका ग्राफिक्स कार्डाच्या कंपनीला उद्देशून जे बोट दाखवलं, तो प्रसंगही ते रंगवून सांगतात. समोर बायकामाणसं असतील तर नेमकं कुठलं बोट, हा तपशील गाळतात. त्यांच्या पत्नीचा लॅपटॉप ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये असतो. तो घरी आणायला तिला कंपनीची परवानगी नाही, असं ती सांगते.

धन्वंतरींचा खरा मोसम आला तो १४ ऑक्टोबर २०२५ला. त्या दिवशी विंडोज १०चा आधार संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची चिप लागते आणि प्रोसेसरही मायक्रोसॉफ्टच्या यादीतला लागतो, त्यामुळे सोसायटीतले निम्मे धडधाकट कॉम्प्युटर एका रात्रीत म्हातारे ठरले. चौथ्या दिवशी धनत्रयोदशी, म्हणजे खुद्द धन्वंतरी जयंती. लोक दिवे लावत होते आणि आमचे धन्वंतरी मजल्यामजल्यावर पेन ड्राइव्ह लावत होते.

तळमजल्यावरच्या काकू त्या दिवाळीत सापडल्या. काकू सरकारी खात्यातून निवृत्त झालेल्या. सगळी नोकरी मराठी टंकलेखनात गेली. इनस्क्रिप्टच्या कीबोर्डवर त्यांची बोटं न बघता धावतात. सध्या त्या आईकडून आलेल्या पाककृती लिहून काढताहेत. त्यांची मागणी एवढीच होती की, मराठी टाइप व्हावं आणि नातवाशी व्हिडिओवर बोलता यावं.

लिनक्स बसलं. मात्र सगळी चित्रं आडवी फुगली. नातू अमेरिकेतून दिसला तो गोबरा गोबरा. काकू हरखल्या. "बाळसं धरलंय हो पोरानं!" धन्वंतरींनी चष्मा पुसला. "काकू, ते बाळसं नाही, ते एक हजार चोवीस बाय सातशे अडुसष्ट आहे."

मग त्यांनी खिडकी उघडली. घराची नव्हे, ती काळी, ज्यात पांढरी अक्षरं पळतात. एक्सरँडर म्हणाले, सीव्हीटी म्हणाले, आकड्यांच्या ओळीच्या ओळी बडवल्या. एकदा स्क्रीन पूर्णच गेली, तेव्हा कंट्रोल-ऑल्ट-एफ थ्री दाबून ते तळघरात उतरले आणि घाम पुसत वर आले. पुन्हा चालू करताना नोमोडसेट असा मंत्र घातला. त्याचा अर्थ काकूंना समजावला तो असा : "ग्राफिक्स कार्डाला म्हणायचं, बाबा रे, तू शहाणपणा करू नकोस, आहे तसा साधा बस." काकूंनी स्वयंपाकघराकडे वळून काकांना हाक मारली, "ऐकलंत का, तुमच्यासाठी मंत्र आहे." सगळं करून नातू होता तेवढाच गोबरा. सायंकाळी काका सहज म्हणाले, "मागची वायर जुनीच आहे, रद्दीवाल्याकडची. चालते ना?"

आता इथे धन्वंतरींची बाजू सांगितली पाहिजे. मॉनिटर स्वतःची कुंडली, म्हणजे मी अमुक रुंद आणि तमुक उंच, ही वायरीतूनच कॉम्प्युटरला कळवतो. निळ्या टोकाच्या त्या व्हीजीए वायरीत पंधरा जागा असतात, आणि कुंडली जाते ती बाराव्या आणि पंधराव्या काडीवरून. स्वस्तातल्या काही वायरींमध्ये नेमक्या या काड्या गाळलेल्या असतात. चित्र दिसतं, म्हणून कोणी तक्रार करत नाही. कुंडली नाही मिळाली तर बिचारं लिनक्स सावध पवित्रा घेतं आणि जुन्या चौकोनी मापाचं चित्र पाठवतं. मॉनिटर ते आडवं ताणून बसवतो. हे सगळं धन्वंतरींना पाठ होतं. फक्त वायर बघणं हे काम त्यांच्या मते वायरमनचं. नवी वायर लावली आणि नातू एका क्षणात वाळला. काकू दोन दिवस त्याला तूप खायला सांगत होत्या.

इथवर ठीक होतं. मग लॉक स्क्रीनचं दुखणं सुरू झालं.

लक्षण असं की, सकाळी कॉम्प्युटर सुरू केला की पासवर्ड चालतो. दुपारी काकू दूध बघायला आत गेल्या, स्क्रीन आपोआप लॉक झाली की तोच पासवर्ड चालत नाही. बंद करून पुन्हा सुरू केला की पुन्हा चालतो, पण तोवर न साठवलेली पुरणपोळी गेलेली असते. रोज नाही, अधूनमधून. अधूनमधून हा शब्द ऐकून धन्वंतरींनी खुर्ची पुढे ओढली. सतत असणारं दुखणं त्यांना हलकं वाटतं.

"काकू, तुमचं सेशन वेलँड आहे की एक्स इलेव्हन?"

"दोन बीएचके आहे. साखर किती घालू?"

हा प्रश्न ते दारात आलेल्या कुरिअरवाल्यालाही विचारतील. स्क्रीनवर खिडक्या मांडणारा एक्स १९८४ साली एमआयटीत जन्मला, त्याची अकरावी आवृत्ती १९८७ची. वेलँड हा २००८चा, त्याची गादी चालवायला निघालेला. स्क्रीनवर काहीही बिनसलं की वेलँडवर असलेल्याला एक्सवर न्यायचं आणि एक्सवर असलेल्याला वेलँडवर, हा त्यांचा पहिला उपचार. काकूंना इकडून तिकडे नेलं, तिकडून इकडे आणलं. दुपारी कुलूप उघडेना ते उघडेनाच.

चहा घेता घेता त्यांनी कुलपांच्या कथा सांगितल्या. २०१५ साली स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या दोन संशोधकांनी दाखवून दिलं की, कॉम्प्युटर सुरू होताना ग्रब नावाचा जो द्वारपाल पासवर्ड मागतो, त्याच्यासमोर बॅकस्पेस अठ्ठावीस वेळा दाबली की तो गोंधळून बाजूला होतो. २०२१च्या जानेवारीत लिनक्स मिंट वापरणाऱ्या एका बापाने कळवलं की, माझ्या पोरांनी खरा कीबोर्ड आणि स्क्रीनवरचा कीबोर्ड दोन्ही मिळून बडवले आणि लॉक स्क्रीन कोसळून आतलं सगळं उघडं पडलं. 'एक्सस्क्रीनसेव्हर' लिहिणारे जेमी झाविन्स्की हा धोका कैक वर्षं ओरडून सांगत होते. एक्सच्या राज्यात कुलूप हाही चार प्रोग्रॅमांसारखा एक प्रोग्रॅम. तो पडला की दार सताड. वेलँडसाठी कुलपाचा जो नवा प्रोटोकॉल केलाय त्यात कुलूप कोसळलं तरी दार बंदच राहतं. "ही खरी प्रगती," धन्वंतरी म्हणाले.

"म्हणजे पोरांनी बडवून उघडतं," काकू म्हणाल्या, "आणि मालकिणीनं खरा पासवर्ड देऊन उघडत नाही."

धन्वंतरींनी बिस्किट बुडवलं.

पुढच्या भेटीत त्यांनी लॉग काढला. हजारो ओळींतून बोट फिरवत ते एका ओळीशी थांबले. लॉगचं म्हणणं साधं होतं : पासवर्ड चुकीचा. ही बातमी सांगायला त्यांनी काका बाहेर जायची वाट पाहिली, कारण पासवर्ड काकांच्या उपस्थितीत बोलण्यासारखा नव्हता. तो 'काका' असाच होता, इंग्रजी अक्षरांत. चार बटणं.

"काकू, तुम्ही चुकीचा टाकताय."

काकूंनी चष्म्यावरून पाहिलं. "जन्म गेला माझा टाइपिंगमध्ये. मंत्र्यांची भाषणं चूक न करता टाइप केलीत. मंत्र्यांच्या चुका होत्या तेवढ्याच राहायच्या. आणि मी काका लिहिताना चुकेन?" त्यांनी तिथल्या तिथे टाकून दाखवला. चार ठिपके उमटले. कुलूप थरथरलं आणि नाही म्हणालं. मग काकूंनी तो पुन्हा टाकला आणि चौकोनाच्या शेजारी बोट नेलं. "हा डोळा कशाला दिलाय रे?"

"त्याला हात लावू नका काकू. सिक्युरिटीच्या दृष्टीने—"

काकूंनी डोळा दाबला. ठिपक्यांच्या जागी स्वच्छ देवनागरीत लिहिलं होतं : कोको.

खोलीत फक्त पंख्याचा आवाज. पाककृती लिहिताना कीबोर्ड मराठीवर असायचा. तशात स्क्रीन लॉक झाली की लॉक स्क्रीनही मराठीतच राहायची. इनस्क्रिप्टमध्ये इंग्रजी 'के'च्या बटणावर 'क' आहे आणि 'ए'च्या बटणावर ओकार. सकाळी सगळं इंग्रजीतून सुरू होई, म्हणून काका. दुपारी मराठी चालू असे, म्हणून कोको. कोपऱ्यात भाषेचं बारीकसं चिन्हही होतं. भाषा बदलायला स्पेसबरोबर जे बटण दाबायचं, ते विंडोजच्या खिडकीचं चित्र असलेलं. त्या बटणावर धन्वंतरींनी पहिल्याच दिवशी लिनक्सच्या पेंग्विनचा स्टिकर चिकटवला होता, आणि 'हे आता लागत नाही' असं काकूंना बजावलं होतं.

"एवढंच?" धन्वंतरी म्हणाले. बरं झाल्याचा आनंद नव्हता त्यात. ते खूप वेळ ती दोन अक्षरं बघत बसले. मग विकासकांना कळवतो म्हणाले, मोबाइलवर फोटो काढला, आणि चहा न घेता निघाले.

त्यानंतर सोसायटीत कोणाचंही कुलूप अडलं की लोक आधी काकूंना फोन करतात. काकू उठतही नाहीत; "डोळा दाबलास का?" एवढंच विचारतात, आणि बऱ्याच जणांचं त्यावर भागतं. बी विंगमधली दोन घरं धन्वंतरींच्या हातून अशीच गेली. मध्यंतरी ते जरा खंगलेले दिसत होते. पण गेल्या आठवड्यात सोसायटीच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरची स्क्रीन काळी झाली, आणि वर कोपऱ्यात पांढरी रेघ लुकलुकतेय. सेक्रेटरी सध्या मेंटेनन्सचा हिशेब वहीत लिहिताहेत. धन्वंतरींचा चेहरा तुकतुकीत झालाय, आणि कोणी विचारलं तर ते सांगतात की, वायरीचा इथे काहीही संबंध नाही.