गळू कोणाचं?

आमच्या सोसायटीतल्या नानांच्या दिवाणखान्यात दोन घड्याळं आहेत. एक आपलं, दुसरं साडेतीन तास पुढे. नव्या पाहुण्याने चुकून ‘हे बंद पडलंय का?’ विचारलं तर तो जेवूनच उठतो. ते टोकियोचं घड्याळ आहे. जपान्यांनी मलाया घेतला तेव्हा तिथली घड्याळं दीड तास पुढे करून टोकियोशी जुळवली होती आणि नानांचे आजोबा तेव्हा इपोहजवळ दवाखाना चालवत होते. बँकेतून निवृत्त झाल्यापासून नानाही त्याच वेळेवर चालतात. सकाळी सहाला फोन येतो, “अजून लोळताय? अहो, साडेनऊ वाजले!”

या ध्यासाचं मूळ म्हणजे त्यांचा कुलवृत्तांत. त्यात आजोबांना एकच ओळ मिळाली आहे: ‘मलायात डॉक्टर. युद्धानंतर परत.’ शेजारच्याच पानावर एका चुलत आजोबांच्या पेढ्यांच्या दुकानाला अख्खा परिच्छेद आहे. नानांना हे झोंबलं. “सोलापूरच्या कोटणीसांवर शांतारामबापूंनी 1946 साली सिनेमा काढला. आमच्या आजोबांवर? पूर्णविराम!” कोटणीस चीनला मदतीला गेले आणि तिथेच वारले, तुमचे आजोबा पोटापाण्यासाठी गेले आणि धडधाकट परतले, असं एकदा मी सुचवून पाहिलं. त्या दिवशी चहा आला नाही.

घरात गोष्ट मात्र होती. आजोबांनी एका जपान्याचं गळू फोडलं. नानांच्या वडिलांच्या तोंडी तो जपानी शिपाई होता. आत्याने त्याला कप्तान केलं. नानांकडे येईपर्यंत तो थेट जनरल यामाशिता झाला, तोच, सिंगापूर घेणारा, ‘मलायाचा वाघ’. गळू सुरुवातीला मानेवर होतं. जनरल झाल्यावर ते नाना सांगत नाहीत अशा ठिकाणी सरकलं.

पुरावा म्हणून एक ट्रंक. तिच्यात केळीच्या घडाचं चित्र असलेल्या जपानी अमलातल्या दहा डॉलरच्या नोटा (1945 मध्ये जपान हरल्यावर रद्दी झालेल्या), एक हिशेबाची वही, आणि लाल शिक्क्याचा एक कागद. कागदावर वाचता येण्यासारखं एकच, 2603. हा फाइल नंबर, असं नानांनी ठरवलं आणि दिल्लीपासून लंडनपर्यंतच्या दफ्तरखान्यांना ‘फाइल क्र. 2603 ची प्रत पाठवावी’ अशी पत्रं धाडली. एका ठिकाणाहून खरोखरच प्रत आली. ती रेल्वेच्या लाकडी स्लीपरांच्या खरेदीची होती. नाना तिच्यात दोन महिने आजोबांना शोधत होते.

शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीने कागद पाहिला. पुण्यात हल्ली प्रत्येक जिन्यात एक जण जपानी शिकतो. “नानाआजोबा, हे साल आहे. जपानी शाही सन. 660 वजा करा.” म्हणजे 1943. “आणि हा सायकल बाळगण्याचा परवाना आहे.” मलायात जपानी फौज बरीचशी सायकलींवरूनच खाली उतरली आणि त्यासाठी लोकांच्या सायकली सर्रास काढून घेतल्या गेल्या. तेव्हा हा कागद म्हणजे साधी गोष्ट नव्हे. पण मुलगी जाता जाता म्हणाली, “यामाशिता मात्र 1942 च्या जुलैतच मांचुरियाला गेला होता.”

नाना दोन दिवस खाली उतरले नाहीत.

राहिली वही. ती मोडीत. इमारतीत जपानी वाचणारे चार जण निघाले, मोडी वाचणारा एकही नाही. मोडीच्या वर्गाचे एक मास्तर आणले. ते बोट ठेवून वाचू लागले आणि आम्ही जनरलची वाट पाहत बसलो. जनरल काही येईना. येत होतं ते असं: ‘हिवताप. क्विनीन अर्धी गोळी. शिल्लक 11.’ ‘हिवताप, मूल. पाव गोळी.’ ‘शिल्लक 3.’ जगातलं बहुतेक क्विनीन जावातून यायचं आणि जावा जपान्यांच्याच ताब्यात, तरी ते आधी फौजेला. पुढे पानंच्या पानं ‘पाय सुजले. कोंडा खाण्यास सांगितले.’ तो बेरीबेरी. तांदूळ मिळेना, लोक टॅपिओकावर जगत होते. आपण ज्याचा साबुदाणा करतो तोच कंद. फीच्या रकान्यातही तोच, कधी एक अंडं. “साडेतीन वर्षं एकादशी!” नाना म्हणाले, पण नेहमीच्या आवाजात नव्हे. ‘शिल्लक’ या शब्दापुढे शून्य आलं तेव्हा त्यांनी मास्तरांना ते पान पुन्हा वाचायला लावलं.

आणि मग ती ओळ आली. ‘जपानी आचारी. मानेस गळू. फोडले. फी नाही. सायकल ठेवू दिली.’

खोलीत फक्त दोन घड्याळं वाजत होती, आपापल्या वेळेला. नानांनी चष्मा पुसला.

“आचारी कोणाचा, ते लिहिलेलं नाही ना?”

“नाही,” मास्तर म्हणाले.

“मग झालं तर. साहेब मांचुरियाला गेला, आचारी मागे राहिला असेल.”

सध्या यामाशिताच्या आचाऱ्याचा शोध चालू आहे. कोणाला मोडी आणि जपानी दोन्ही येत असेल तर जरूर यावं. नाना संध्याकाळी पाचला भेटतात. त्यांनी साडेआठ सांगितलं तरी पाचलाच या.