परिशिष्टात रमलेला माणूस

वीजधोरणाचा तरुण अभ्यासक पुण्यात ओळखणं अवघड नाही. स्टीलची बाटली, कापडी पिशवी आणि लॅपटॉपवर उघडलेल्या डझनभर एक्सेल शीट. भारताने 2021 मध्ये ग्लासगोत 2070 पर्यंत नेट झिरो गाठण्याचा शब्द दिला. त्या 2070 चा हिशेब मांडणाऱ्या या गृहस्थाचं स्वतःचं कंत्राट येत्या मार्चपर्यंतच असतं. नातेवाईक त्याला सोलर बसवणारा समजतात. पंगतीत मावशीचे यजमान विचारतात, "गच्चीवर तीन किलोवॅट बसवू का रे? 78 हजार अनुदान मिळतं म्हणे." त्यांना हो की नाही, एवढंच हवं असतं. हा महिन्याचा वापर, स्लॅब, टाकीची सावली असं विचारत बसतो, तोवर मठ्ठा संपतो.

या चिकटपणाला लोक हसतात. हसावंच, पण तो स्वभावातून कमी आणि विषयातून जास्त आला आहे. महाराष्ट्रात लाखो कृषिपंपांना मीटर नाहीत. तिथला वापर पंपाच्या अश्वशक्तीवरून अंदाजाने धरतात. अंदाज फुगला की वाटेत गळालेली आणि आकडे टाकून पळवलेली वीजही शेतकऱ्याच्या खात्यावर पडते, आणि कागदावर गळती कमी दिसते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत एखाद्या फिडरसाठी किती मेगावॅट उभारायचे, हे तरी खऱ्या वापराशिवाय कसं ठरवणार? म्हणून हा परिशिष्टातल्या तळटिपेवर तीन दिवस घालवतो. घोषणा करायला माणसं पुष्कळ आहेत.

कोणी म्हणेल, रात्री दोनला बिबट्याच्या धाकात याने कधी मोटार चालू केली आहे का? नाही केली, आणि त्याच्या अहवालात ती भीती "रात्रकालीन सिंचनातील अडचणी" होऊन बसते, हेही खरं. पण मोटार चालू करणाऱ्याने शेकडो पानांची दरवाढीची याचिकाही वाचावी, हा आग्रह त्याहून अन्यायाचा. बरं, याचं ऐकतं कोण? विद्युत अधिनियम 2003 नुसार लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेऊनच वीज नियामक आयोगाला दरांचा आदेश काढावा लागतो. विचारात घेणं म्हणजे मान्य करणं नव्हे, हे त्यालाही ठाऊक असतं. तरी आदेशात आपल्या हरकतीला अर्धा परिच्छेद मिळाला, की तो त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकतो. आई लगेच विचारते, "म्हणजे आपलं बिल कमी होणार का?"