चार पायांचा सातबारा

ब्राझीलच्या ॲमेझॉन जंगलात जमीन विकत घेत बसण्यापेक्षा ती तयार करणं स्वस्त पडतं. पाऊस ओसरला की झाडं पाडायची, उन्हात वाळू द्यायची आणि ऑगस्ट-सप्टेंबरात काडी लावायची. राखेत आफ्रिकी गवताचं बी फेकून गुरं सोडली की जंगलाचं कुरण होतं. हेक्टरी जेमतेम एखादं जनावर चरतं. पण त्याचं मुख्य काम चरणं नसून ताबा दाखवणं हे आहे. सातबाराच तो, फक्त चार पायांचा. ही गुरं बहुतांश नेलोर जातीची, म्हणजे आंध्रातल्या ओंगोल गुरांच्या वंशातली. त्यामुळे कुळाबद्दल आपल्याकडून तरी हरकत यायची नाही.

कागदांची सोयही चोख असते. पूर्वी बनावट दस्तऐवज रातकिड्यांसोबत पेटीत कोंडत. किडे ते पिवळे, कुरतडलेले, थेट पणजोबांच्या काळातले करून देत. २०१२च्या वनकायद्याने किड्यांचा रोजगार बुडवला. आता हद्द ज्याची त्याने आखून संगणकावर नोंदवायची, सरकारी पडताळणी सवडीने होते. ॲमेझॉनमधल्या वनजमिनीचा ८० टक्के भाग राखावा, असंही तोच कायदा सांगतो. राहिलं वासरू. ते जळक्या कुरणात जन्मतं, कागदोपत्री स्वच्छ गोठ्यात मुक्कामाला जातं आणि तिथून निष्कलंक चारित्र्यानिशी कत्तलखान्यात पोचतं. कत्तलखाना चौकशी करतो ती बहुधा शेवटच्या मालकापुरती.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या हिशेबाने जगातली जवळपास ९० टक्के जंगलतोड शेतीपायी होते; निम्मी पिकांसाठी, ४० टक्क्यांच्या आसपास चराईसाठी. १९९० ते २०२० या काळात सुमारे ४२ कोटी हेक्टर जंगल मार्गी लागलं.

हे थांबवता येत नाही असं मात्र नाही. उपग्रहांची पाळत, दंड, कर्जबंदी आणि नव्याने तोडलेल्या जमिनीवरचा सोया न घेण्याचा २००६चा व्यापाऱ्यांचा करार यांमुळे ॲमेझॉनमधली तोड २००४च्या सुमारे २७,८०० चौरस किलोमीटरवरून २०१२ मध्ये ४,६०० वर आली होती. पुढे आकडे राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो यांना पटेनासे झाले आणि ऑगस्ट २०१९ मध्ये ते मोजणाऱ्या संस्थेचे संचालक घरी गेले. आकडे राहिले, २०२१ मध्ये १३,००० झाले. सरकार बदललं, तेव्हा पुन्हा उतरले.

जगाने २०१४ मध्ये २०२० पर्यंत तोड निम्मी करण्याची शपथ घेतली. ती फसल्यावर २०२१ मध्ये, २०३० पर्यंत पूर्ण थांबवण्याची. युरोपीय संघाने २०२३ मध्ये जंगलतोडीतून आलेल्या गोमांस-सोयाला दार बंद करणारा कायदाही केला, आणि अंमलबजावणी पुढे ढकलली.