शेंडा आणि पान

ऑगस्ट 2021 मध्ये मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे दोन एकरांत गांजा लावायची परवानगी मागितली. बाकी कशालाच भाव नाही, याला आहे, एवढाच हिशेब. पोलिसांना त्यात प्रसिद्धीचा सोस दिसला.

राळेगावच्या पानटपरीवर तो अर्ज चटकन समजेल. या कापूसपट्ट्यात परवानगी नसलेलं, तणनाशक सोसणारं बियाणं ‘चोरबीटी’ या राजरोस नावानं पेरलं जातं. वर्धा नदीपलीकडे दारूबंदी आहे, म्हणजे दारूवर थोडं वाहतूक भाडं पडतं.

1985 चा अमली पदार्थांचा कायदाही रसिक. झाडाचा शेंडा म्हणजे गांजा, नुसतं पान आलं तर ते व्याख्येतून सुटतं. मग भांग महादेवाच्या खात्यावर. लागवड केली तर मात्र दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी.

आणि समजा, दिली परवानगी. मग हमीभाव जाहीर होईल, ऑनलाइन नोंदणी लागेल, सातबाऱ्यावर पीकपेरा लागेल. खरेदी केंद्राबाहेर रात्रभर गाड्यांची रांग. सकाळी ग्रेडर मूठभर माल दाबून बघेल नि म्हणेल, “भाऊ, ओलावा बारा टक्क्यांच्या वर हाय, वाळवून आणा.”