अनुचित प्रकार

विदर्भ-खानदेशातल्या माणसाला वावर म्हटलं की शेत आठवतं. आमच्या जव्हार तालुक्यात वावर हे गाव आहे. वावर म्हणजे हिंडणं-फिरणं, हा जो आणखी एक अर्थ, तो इथल्या बातम्यांनी घेतलाय.

त्या बाजूच्या एका शाळेत मी मास्तरकी केली. शाळेचं नाव सांगत नाही, कारण फजिती माझी आहे. जिल्हा तेव्हा ठाणेच होता. पालघर झाला 1 ऑगस्ट 2014 ला. चौथीचा परिसर अभ्यासाचा तास. "वाघ मांसाहारी प्राणी," मी सांगितलं. मागून एक पोरगी म्हणाली, "गुरुजी, वाघ देव आहे." मी म्हटलं, "अगं, देव असता तर राणीच्या बागेत पिंजऱ्यात बसला असता का?" पोरं हसली, मीही हसलो, घंटा झाली.

शाळा पाचला सुटली. सहाला विहिरीवर बातमी होती : गुरुजींनी वाघदेवाला पिंजऱ्यात घातलं. वरच्या पाड्यावर पोचेपर्यंत मी त्याला शिवीही दिली होती. आणि वाघदेवाच्या पूजेची वाघबारस आठवड्यावर आलेली! वारली माणूस ज्याच्या भरवशावर गुरं रानात सोडतो, त्याच्यावर नेमका तेव्हाच मी तोंड टाकलेलं.

दुसऱ्या दिवशी शाळेने 'पालकांस सूचना' काढली. माझं अक्षर बरं, म्हणून लिहिलीही मीच : 'वर्गात घडलेल्या अनुचित प्रकाराबाबत गैरसमज पसरविले जात असून पालकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये.' त्यात वाघ नाही, देव नाही, मास्तर तर नाहीच. अवकाळी पाऊस पडावा तसा प्रकार आपोआप घडलेला. कागद नेला त्याच पोरीने. बापाला वाचता येत नव्हतं, तेव्हा वाचूनही तिनेच दाखवला. अनुचित प्रकार म्हणजे काय गं, असं बापाने विचारलं. "तेच, वाघाचं." फिर्याद तिची, खुलासा आमचा आणि दुभाषी पुन्हा तीच.

आता सूचना मोबाइलवर येते. टेकाडावर चढलं तर रेंज मिळते, आणि दिवाळीनंतर निम्मे आईबाप भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर. त्यांच्या फोनवर 'सर्व पालकांसाठी महत्त्वाचे' एवढंच दिसतं आणि खाली 'हा मेसेज हटवला गेला'. पोर दीडशे मैलांवर असल्यासारखा जीव टांगणीला लागतो. शिक्षण हक्क कायद्याने 2009 साली शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या, समितीत निम्म्या बायका हव्यात असंही सांगितलं. म्हणजे हिशेबाने शाळेने पालकांना कळवायचं नसून विचारायचं आहे. आमच्याकडे आधी अंगठे घेत, इतिवृत्त मागाहून लिहीत. मीच लिहीत असे.

माझा वाघ हसण्यावारी गेला. सगळंच तसं जात नाही. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुकल्यांवर अत्याचार झाले, आणि 20 तारखेला लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले. आपल्याला शाळेने वेळेवर सरळ काही सांगितलं नाही, हाही राग त्यात होता. मग शासनाने बजावलं, की अशी गोष्ट कळल्यावर 24 तासांत पोलिसांना कळवा. पोक्सो कायद्याने कळवणं 2012 पासून बंधनकारक होतंच. इतक्या मोठ्या गुन्ह्यालाही कागदावर 'प्रकार' म्हणतात, याची मला भीती वाटते. आमच्या जव्हारातल्या वावर-वांगणीचं नाव मुंबईच्या वर्तमानपत्रांत आलं ते 1992 साली, कुपोषणाने पोरं दगावली तेव्हा. एवढं सोसल्यावर गोल शब्दांचा कागद बघून इथला माणूस "झालं काय ते सांगा" म्हणतो, त्यात नवल नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पाड्यावर गेलो. ओटीवर बसून जे बोललो होतो ते शब्दाला शब्द सांगितलं, आणि चुकलो म्हणालो. पोरीच्या बापाने विडी विझवली, थोडा विचार केला.

"गुरुजी, पिंजऱ्यातला वाघ सरकारी. आमचा मोकळा आहे."

वाघबारशीला बोलावणं आलं. मला ताप होता, जाता आलं नाही. दुसऱ्या दिवशी पोरगी प्रसादाचं खोबरं घेऊन आली, ते आमच्याच सूचनेच्या कागदात बांधलेलं होतं.