राखालचा बाक

बंगाली शिकायला बसलेल्या मराठी माणसाला पहिल्या दिवशी "का शिकायचंय?" असं विचारलं की तो एकदम उंचावर जाऊन बसतो. आमच्या रविवारच्या वर्गात निम्म्या लोकांना रवींद्रनाथ मुळातून वाचायचे होते. उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी पु.लं.चं नाव घेतलं. पु.ल. पन्नाशीच्या सुमारास बंगालीसाठी शांतिनिकेतनात जाऊन राहिले, 'वंगचित्रे' लिहून मोकळे झाले, आणि तेव्हापासून पुण्यातल्या सुशिक्षित घरांत "आपल्यालाही जमेल" हा समज ठाण मांडून आहे. एका मुलीने मात्र सरळ सांगितलं, "होणाऱ्या सासूबाई माझ्यासमोर फोनवर बंगालीत बोलतात. काय बोलतात ते मला कळायला हवं." सगळे हसले. बँकेतून निवृत्त झालेले एक काका होते. ते म्हणाले, "घरी बसवत नाही, म्हणून आलोय." त्यावर कोणी हसलं नाही, पण माना हलल्या.

पावसाळा सरेपर्यंत रवींद्रनाथवाले बहुतेक गळाले होते. ती मुलगी एकही रविवार चुकली नाही. काकाही नाहीत.

गळण्याला कारणं होती. सुरुवातीला बंगाली फार प्रेमाने वागते. क्रियापदाला लिंगाची भानगड नाही. तो गेला, ती गेली, ते गेलं, सगळं एकाच रूपात उरकतं, त्यामुळे पहिला महिना माणूस खुशीत असतो. (तोंडात रसगुल्ला धरून बोलायचा विनोदही याच महिन्यात होतो. तो कृपया पुन्हा कोणी करू नये.) मग लिपी येते. बंगाली 'ब' म्हणजे वरच्या रेघेला टांगलेला त्रिकोण, आणि त्याच्याखाली टिंब दिलं की तोच 'र'. आता पन्नाशी ओलांडलेल्या डोळ्यांनी स्वस्त कागदावरचं ते टिंब आहे की शाईचा डाग, हे ठरवायचं कसं? आमच्या दीदी म्हणायच्या, "अर्थावरून ओळखा." अर्थ कळत असता तर वर्गात कशाला आलो असतो! त्यानंतर जोडाक्षरं. काही बंगाली जोडाक्षरांचं रूप आईवर नाही, बापावर नाही, थेट कुठल्या तरी विसरलेल्या मामावर गेलेलं असतं. रवींद्रनाथवाले इथे थबकले. त्यांना 'गीतांजली' दिसत होती, पण मधे हा मामा उभा होता.

याच सुमारास दीदींनी 'वर्णपरिचय' हातात दिलं. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी 1855 मध्ये लिहिलेली ही अंकलिपी. पिढ्यान् पिढ्या बंगाली मुलं तिच्यावर अक्षरं गिरवत आली. तिच्या पहिल्या भागात गोपाळ नावाचा एक मुलगा आहे. तो मिळेल ते खातो, मिळेल ते घालतो, आईबापांचं ऐकतो, मन लावून अभ्यास करतो. पुढच्याच धड्यात राखाल. राखाल शाळेच्या वाटेवर खेळतो, भांडतो, अभ्यासाच्या नावाने शंख. धड्याचा रोख स्पष्ट आहे: बाळांनो, गोपाळ व्हा. गंमत म्हणजे रवींद्रनाथांनीच पुढे लिहून ठेवलंय, की खुद्द विद्यासागर लहानपणी गोपाळपेक्षा राखालच्याच जवळचे होते. हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. कारण वर्गाकडे पाहिलं, तर गोपाळ सगळे घरी बसले होते आणि बाकांवर राखालच तेवढे शिल्लक होतो.

राखालांचे हेतू क्षुद्र असतात. एकीला सासूबाईंचा फोन फोडायचा असतो. एकाला सकाळ ढकलायची असते. एका डॉक्टरबाईंनी वर्षाची फी आगाऊ भरली होती आणि ती परत मिळणार नव्हती. माझा हेतू मला बराच काळ सापडत नव्हता. तो सोन्या मारुती चौकाच्या मागे, एका गल्लीत सापडला.

पुण्याच्या सराफी पेठेत दागिने घडवणारे कितीतरी कारागीर बंगाली आहेत. हुगळी, मेदिनीपूर अशा भागांतून आलेले, जिन्याखालच्या एवढ्याशा खोलीत दिव्याखाली मान घालून बसलेले. माझ्या पाटलीचा फासा सारखा ढिला होई आणि सराफ मला तसाच आत त्यांच्याकडे पाठवी. एकदा मी दारात उभी राहिले, तोच आतला एकजण मान वर न करता दुसऱ्याला म्हणाला, "आबार एशेछे." आली परत. मला कळलं! पुस्तकातलं नव्हे, दीदींनी सावकाश उच्चारलेलं नव्हे, जिवंत माणसाने जिवंत कंटाळ्याने म्हटलेलं बंगाली मला चालत्या गाडीतून स्टेशनचं नाव वाचता यावं तसं सहज कळलं. शिवाय आदल्याच रविवारी आदरार्थी रूपं झाली होती. आदर असता तर शेवटी 'न' लागला असता, 'एशेछेन'. तो लागला नव्हता, हेही माझ्या लक्षात आलं. आपला अपमान व्याकरणासकट समजल्याचा असा आनंद मला दुसऱ्या कुठल्या भाषेत झालेला नाही. मी काही बोलले नाही. बोलले असते, तर ते पुढे माझ्यासमोर मोकळेपणी बोलले नसते, आणि मला तर आता ऐकायचंच होतं. त्या आठवड्यात मी सगळा गृहपाठ केला. पाटलीचा फासा नीट बसला, तेव्हा थोडं वाईटच वाटलं.

"आता या वयात कुठे?" हे म्हणायची तर बंगालीत सोयच नाही. गांधीजी 1946 च्या अखेरीस नोआखालीत गेले तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांचे होते, आणि दंगलीने होरपळलेल्या त्या गावांतून फिरताना रोज बंगाली गिरवत होते. पुढे दिल्लीतही त्यांनी धडा सोडला नाही. 30 जानेवारी 1948 च्या सकाळीसुद्धा तो झाला होता. त्यांचा हेतू क्षुद्र होता असं कोण म्हणेल? पण तो लांबही नव्हता. ज्या माणसांशी बोलायचं ती समोर अंगणात उभी होती. 'गीतांजली' तशी अंगणात उभी राहत नाही, ती कपाटात थांबते, आणि कितीही वर्षं थांबायची तिची तयारी असते.

माझ्या कपाटातही ती आहे. वाचतेय मात्र सत्यजित राय यांची 'शोनार केल्ला', मुलांसाठी लिहिलेली, फेलूदा या गुप्तहेराची कादंबरी. वाक्यं छोटी, दर पानाला काहीतरी घडतं, आणि पुढे काय हे कळल्याशिवाय शब्दकोश मिटवत नाही. त्या मुलीचं लग्न होऊन ती कोलकात्याला गेली. सासूबाई फोनवर बहुतेक वेळ मासळीच्या भावाबद्दलच बोलायच्या, असा तिचा निरोप आला. ती आता त्यांच्याशी भावावरून वाद घालते.

राहिलो काका आणि मी. तेही हीच कादंबरी वाचताहेत आणि माझ्या कितीतरी पुढे आहेत, असं त्यांचं म्हणणं आहे. त्यांचा वेग मला संशयास्पद वाटतो. राय यांचा एकही चित्रपट आपण पाहिलेला नाही, हे ते वर्गात अभिमानाने सांगत असतात. पण याच कादंबरीवर राय यांनी 1974 मध्ये चित्रपट केला, आणि त्यात गुन्हेगार कोण हे लवकरच दाखवून टाकलंय. पुस्तकात ते शेवटापर्यंत झाकून ठेवलेलं आहे. म्हणजे अर्ध्या पुस्तकात असलेल्या माणसाला तो ठाऊक असता कामा नये. येत्या रविवारी चहाच्या वेळी मी सहज विषय काढणार आहे, बंगालीतून. वाक्य तयार करून ठेवलंय, आदरार्थी 'न' सकट.