विमानासाठी जागा पाहिजे

गिरगाव चौपाटीवर 1895 साली शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडवलं, असं आपल्याकडे छाती फुगवून सांगतात. पुरावा मागायचा नसतो. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा दाखला देतात, त्यातली विमानं उडूच शकत नाहीत, असं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी 1974 मध्येच लिहून ठेवलंय. असो. माझी शंका साधी आहे: बघे उभे कुठे होते?

हौशी मॉडेल विमानवाल्यांना हाच हिशेब आधी करावा लागतो. पट्टी वाऱ्याच्या रोखानं हवी. आपल्याकडे दुपारचा वारा समुद्रावरून येतो, म्हणजे पूर्व-पश्चिम. उडवणारे एका रेषेत, बघे आणि गाड्या त्यांच्या पाठीमागे, आणि विमान कायम समोर, माणसं नसलेल्या जागेवर. माणसं नसलेली जागा! नकाशा इथेच घडी करून ठेवायला हरकत नाही.

तरी शिवाजी पार्क बघू. घेर जेमतेम सव्वा किलोमीटर. ताशी साठ किलोमीटरनं जाणारं विमान सव्वा मिनिटात फेरी पुरी करणार, तीही एकमेकांत घुसलेल्या क्रिकेट सामन्यांवरून. शिवाय ते शांतता क्षेत्र. सभा घ्यायची असेल तर गोष्ट वेगळी. वरून 2021 चे ड्रोन नियम विमानतळाच्या कुंपणापासून बारा किलोमीटरपर्यंत आभाळावर बंधनं घालतात. दादर-परळ त्यात अलगद सापडतात.

खरी जागा होती परळ-लालबागच्या गिरण्यांत. 1991 च्या नियमानं गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी पालिकेला मिळणार होता. 2001 मध्ये शब्द फिरले: तिसरा हिस्सा अख्ख्या जमिनीचा नव्हे, आधीच रिकामी होती तेवढीचा. शेड पाडून मोकळी झालेली जागा मोकळी धरायची नाही! 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही त्यावर शिक्का मारला. जमीन जागेवरच राहिली, उड्डाण मात्र झालं.

आता उरते चाळीची गॅलरी. लांब, सरळ, बघे आपापल्या दारात, म्हणजे नियमाप्रमाणे पाठीमागेच. रबरबँडवरचं कागदी-लाकडी विमान तिथे मजेत उडेल. पण चाळ पुनर्विकासाला गेलीय, आणि नव्या टॉवरच्या माहितीपत्रकात गच्चीवर हेलिपॅड दाखवलाय. मुलांना वर जायला मनाई आहे.